११० ०२३ हा आकडा कुणाला सुचला?

लक्ष्मीबाई नगर ही दिल्लीतली केंद्र सरकारच्या नोकरांची वसाहत. एका अंगाला आयएनए मार्केट आणि दिल्ली हाट, दुसऱ्या अंगाला सरोजिनी नगर, पलीकडे किडवाई नगर. इथे राहणाऱ्याला एक मत सतत ऐकून घ्यावे लागते: सरकारी माणसाला नवे काही सुचत नाही. लग्नाच्या पंगतीत ते ऐकू येते, गणेशोत्सवातल्या व्याख्यानात ऐकू येते, आणि आता आमच्याच क्वार्टरांत वाढलेल्या, बंगळूर-गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या मुलांच्या तोंडूनही येते. या मताला कुणी उलट उत्तर देत नाही, म्हणून ते खरे मानले जाऊ लागले आहे. माझ्या मते ते खोटे आहे, आणि ज्या समजुतीवर ते उभे आहे ती समजूतही खोटी आहे.

आधी ते मत पुरते मांडतो. नवी कल्पना विजेसारखी चमकते, असे हे लोक म्हणतात. ती एका माणसाच्या डोक्यात चमकते, आणि तो माणूस शक्यतो तरुण असतो, बाहेरचा असतो, नियमांच्या ओझ्याखाली वाकलेला नसतो. कचेरी जुन्या पद्धतीने चालते. पद्धत आणि नवेपणा यांचे वैर आहे. म्हणून कचेरीत कल्पना उगवली तरी फायलीखाली गुदमरते. तेव्हा देशाला नवे काही हवे असेल तर बाहेरची हुशार मुले आणा, त्यांना एका सभागृहात बसवा, प्रश्न द्या, बक्षीस लावा. कचेरीने फक्त वाट मोकळी करावी.

या युक्तिवादातला प्रत्येक दुवा तपासता येतो. तपासायला मी एकच वस्तू घेतो, कारण ती रोज प्रत्येकाच्या हातात असते. आमच्या वसाहतीचा पिनकोड: ११० ०२३.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यामागे नाव घेतले जाते श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे. कोकणात जन्मलेले वेलणकर टपाल-तार खात्यात वर चढत केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव आणि टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य झाले. संस्कृतात त्यांनी शंभरावर पुस्तके लिहिली, नाटके लिहिली. त्यांना ‘पिनकोडचे जनक’ म्हणतात, आणि मराठी माणूस म्हणून त्याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या कामाचे खरे मोल ‘जनक’ या बिरुदाने कळत नाही. एखाद्या सकाळी साहेबांना सहा आकडे सुचले आणि देशाला पत्ता मिळाला, अशी गोष्ट त्यातून तयार होते. तशी ती घडली असेल असे मानायला जागाच नाही. कारण त्या सहा आकड्यांतले शेवटचे दोन-तीन आकडे आधीपासून होते.

जुनी पत्रे घरात असतील त्यांनी काढून पाहावीत. दादरचा पत्ता ‘मुंबई २८’ असा लिहिला जाई. गिरगाव ‘मुंबई ४’, सदाशिव पेठ ‘पुणे ३०’. मोठ्या शहरांत टपालाच्या बटवड्यासाठी विभागांना क्रमांक होते आणि लोकांना ते पाठ होते. १९७२ मध्ये मुंबई २८ चे ४०० ०२८ झाले, मुंबई ४ चे ४०० ००४ झाले, पुणे ३० चे ४११ ०३० झाले. आमच्या ‘नवी दिल्ली २३’ च्या आधी ११० लागले, मध्ये शून्य आले. जुने काहीही पुसले नाही. लोकांच्या जिभेवर बसलेला क्रमांक तसाच ठेवून त्याच्या आधी देशाचा नकाशा बसवला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननी जिल्ह्याचा. एक म्हणजे दिल्ली, हरियाणा, पंजाब, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरचा पट्टा, चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, आणि नऊ लष्करी टपालाला. शेवटचे तीन आकडे बटवडा करणाऱ्या टपाल कार्यालयाचे.

या रचनेतले शहाणपण कुठून आले हे कळायला टपालाची छाननी कशी चालते ते पाहायला हवे. रत्नागिरीच्या पेटीत पडलेले पत्र दिल्लीला जायचे तर ते वाटेत अनेक हातांतून जाते. रेल्वे मेल सर्व्हिसच्या (आरएमएस) डब्यात सॉर्टर उभा राहून खणाखणांत पत्रे टाकत असे. त्याला शेकडो टपाल कार्यालयांची नावे आणि त्यांच्या गाड्या पाठ असायला लागत. औरंगाबाद महाराष्ट्रात होते तसे बिहारमध्येही होते. बिलासपूर हिमाचलात आहे आणि छत्तीसगडातही आहे. हमीरपूर हिमाचलात आहे, उत्तर प्रदेशातही आहे. पत्त्यात राज्य लिहिलेले नसले तर सॉर्टरने अंदाज बांधायचा. त्यात पत्ता मोडीवळणाच्या मराठीत लिहिलेला, आणि वाचणारा तमिळ किंवा बंगाली. हा देश इतक्या लिप्यांत पत्ते लिहितो की कुठल्याही एका सॉर्टरला ते सगळे वाचता येणे शक्य नव्हते. आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. पहिला आकडा पाहून मद्रासच्या माणसाला पत्र उत्तरेच्या थैलीत टाकता येते. पुढचे आकडे दिल्लीतल्या माणसाने वाचावेत. सगळ्यांनी सगळे वाचायची गरज उरत नाही. ही रचना भाषेच्या अडचणीवरची आहे, आणि ती अडचण काचेच्या इमारतीत बसलेल्या कुणाला सुचली नसती. ती रोज हातात पत्र घेणाऱ्यांना बोचत होती.

अमेरिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या मोठ्या शहरांत १९४३ मध्ये विभागांना क्रमांक दिले गेले. कारण असे की अनुभवी टपाल कारकून युद्धावर गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या नवख्यांना शहराची गल्ली-गल्ली ठाऊक नव्हती. जुन्या कारकुनांच्या डोक्यात जे होते ते आकड्यात उतरवावे लागले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात काम करणारे टपाल निरीक्षक रॉबर्ट मून यांनी देशभरासाठी आकड्यांची पद्धत सुचवली. ती झिपकोड म्हणून अमलात आली १ जुलै १९६३ रोजी, म्हणजे एकोणीस वर्षांनी. लंडनमध्ये तर टपालाचे विभाग १८५७-५८ पासूनच होते, पूर्व, पश्चिम, वायव्य अशा दिशांवरून. आणि त्यांना क्रमांक मिळाले १९१७ मध्ये. लंडन, न्यूयॉर्क, मुंबई, दिल्ली: सगळीकडे एकच क्रम दिसतो. आधी काम वाढते. मग हाताखालची माणसे आपापल्या सोयीची खूण शोधतात. ती खूण एका शहरापुरती चालते. कुणीतरी ती दुसऱ्या शहराच्या खुणेला जोडतो, बरीच वर्षे वाद होतात, आणि शेवटी कुणाच्या तरी सहीने ती देशाची होते. सही करणाऱ्याला मान मिळतो आणि तो मिळावाच. कारण जोडणे हे सोपे काम नाही. पण वीज कुठे चमकली ते दाखवा, असे कुणी विचारले तर बोट ठेवायला एकही क्षण सापडत नाही.

आमच्या शेजारच्या वसाहतीचे नाव ज्यांच्यावरून पडले त्या रफी अहमद किडवाई यांची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण तिथे नागपूर येते. किडवाई दळणवळण मंत्री असताना जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत, तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतलेली असत. चार शहरांना एकमेकांशी जोडायला सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर ठेवले की चारच लागतात, आणि शहरे वाढतील तसा हा फरक झपाट्याने वाढत जातो. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत मेम्फिस मध्यावर ठेवून फेडरल एक्सप्रेसने रात्रीची पार्सल सेवा याच तत्त्वावर उभी केली. ती कंपनी व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नवकल्पनेचा आदर्श म्हणून शिकवली जाते, आणि ती त्या मानाला पात्र आहे. फेडरल एक्सप्रेसने नागपूरची नक्कल केली असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की तीच रचना चोवीस वर्षे आधी नव्याने स्वतंत्र झालेल्या, फाळणीने रक्तबंबाळ झालेल्या देशातल्या एका सरकारी खात्याने चालवून दाखवली होती, आणि नागपूरच्या मुलांनाही ती कुणी शिकवत नाही. सरकारी माणसाला सुचत नाही हे मत टिकते ते असे: जे सुचले ते आपण सांगितलेच नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. रोलंड हिलचे काय? इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र आणि आगाऊ चिकटवायचे तिकीट ही कल्पना १८३७ च्या त्याच्या पुस्तिकेने पुढे आणली, १८४० मध्ये ती अमलात आली आणि जगभरच्या टपालाचा पाया ठरली. हिल शाळामास्तर होता, टपाल खात्याबाहेरचा होता, आणि खात्याने त्याला कडाडून विरोध केला. हे सगळे खरे आहे. पण हिलने ती पुस्तिका कशाच्या जोरावर लिहिली? खासदार रॉबर्ट वॉलेस टपालातल्या गैरकारभारावर वर्षानुवर्षे संसदेत झगडत होता. त्याने हिलकडे सरकारी अहवालांचा भारा पाठवून दिला. त्या अहवालांतले आकडे मांडून हिलने दाखवले की पत्र लांब नेण्याचा खर्च नगण्य असतो. खरा खर्च ते घेणे, नोंदणे, पैसे वसूल करणे आणि वाटणे यांत असतो. अंतरावर दर लावणे म्हणूनच चुकीचे. बाहेरच्या माणसाने हा निष्कर्ष काढला, पण तो काढला खात्याने स्वतःच नोंदून ठेवलेल्या आकड्यांतून. कारकुनांनी कंटाळवाण्या वह्या भरल्या नसत्या तर हिलकडे फक्त एक चांगली इच्छा असती. आणि तो पुढे टपाल खात्यातच गेला, सचिव झाला. लंडनचे ते दिशांवरचे विभाग त्याच्याच काळातले. बाहेरचा माणूस आत आला तेव्हा त्याची कल्पना वाढली.

म्हणजे मी बाहेरच्यांना नाकारत नाही. मी नाकारतो ते हे, की अज्ञान हाच त्यांचा गुण आहे. ज्याला काम माहीत नाही त्याला कामाबद्दल नवे सुचते, ही समजूत आपल्याला फार गोड वाटते, कारण तिच्यात शिकण्याचे कष्ट नाहीत.

महाराष्ट्रातले उदाहरण घ्यायचे तर रोजगार हमीचे घ्यावे. १९६० च्या दशकात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली: ज्याच्या अंगात काम करण्याची ताकद आहे आणि जो काम मागतो त्याला सरकारने काम द्यायचे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. राज्यभर नेण्याची पावले पडत असतानाच १९७२ चा दुष्काळ आला आणि लाखो माणसे रस्त्यांच्या, पाझर तलावांच्या कामांवर राबली. हमीची खरी कसोटी तिथे लागली: हजेरीपट कसा ठेवायचा, खोदलेल्या मातीचे माप कसे घ्यायचे, बाईच्या कामाचे दाम पुरुषाइतके कसे द्यायचे, कामाची जागा गावापासून किती लांब चालेल. यातले काहीही कुणाला एका बैठकीत सुचणारे नव्हते. तलाठी, ओव्हरसियर, मुकादम, मजुरी मागणाऱ्या बाया आणि त्यांचे मोर्चे नेणारे कार्यकर्ते, या सगळ्यांनी मिळून ते घडवले, पुष्कळदा एकमेकांशी भांडून. पैसा उभा करायला १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आणि २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव होता, त्यातल्या भ्रष्टाचारासकट आणि अपयशासकट.

दिल्लीत राहून मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते. इथे, मंत्रालयांच्या सावलीत, कल्पना वरून खाली जातात असा समज आहे. तासगावातून संसदेपर्यंत जायला या कल्पनेला चाळीस वर्षे लागली आणि दिशा उलटी होती.

कचेरी कल्पना मारते, या आरोपात मात्र तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. कारकुनाने दिलेली सूचना साहेबाच्या टेबलावरून पुढे सरकत नाही. काम समजू लागते तोवर बदली होते आणि नवा माणूस पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करतो. फसलेला प्रयोग कुणी लिहून ठेवत नाही, कारण फसल्याची नोंद गोपनीय अहवालात जाईल ही भीती. त्यामुळे तीच चूक दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या दशकात, नव्याने केली जाते. हा रोग खरा आहे. पण त्याचे निदान पाहा: कल्पना नसणे हा तो रोग नाही. जे कळले ते साठत नाही, हा तो रोग आहे. त्यावर बाहेरून हुशार मुले आणणे हा उपाय कसा असेल? ज्या विहिरीला पाणी आहे पण पोहरा नाही तिथे आपण दुसरी विहीर खणत आहोत.

२०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरते. मंत्रालये प्रश्न देतात आणि सॉफ्टवेअरच्या विभागात विद्यार्थ्यांचे गट सलग ३६ तास काम करून उत्तरे मांडतात. त्यातल्या मुलांची मेहनत आणि हुशारी यांबद्दल मला आदर आहे. अशा स्पर्धेतून ती खूप शिकतात. पण सरकारने हे नवकल्पनेचे मुख्य दार समजावे, हे मला मान्य नाही. जो प्रश्न मंत्रालयाने चार ओळींत लिहून दिला आहे, त्यातला कठीण भाग त्या चार ओळींबाहेर राहिलेला असतो. छाननीच्या टेबलाजवळ महिनाभर उभे राहिल्यावर तो दिसू लागतो. त्याच मुलांना ३६ तासांऐवजी सहा महिने द्या, सभागृहाऐवजी आरएमएसच्या कार्यालयात, तहसीलच्या नोंदणी खिडकीवर, सफदरजंग रुग्णालयातल्या औषध वाटपाच्या रांगेत द्या, आणि तिथल्या सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला त्यांचा शिक्षक म्हणून पगारी मान द्या. जे फसेल ते छापा, नावानिशी आणि शिक्षेविना. हे खर्चाचे नाही. फक्त यात उद्घाटनाचा फोटो निघत नाही.

कल्पना जन्मानंतर कशी वाढते, याकडे तर विजेच्या गोष्टीत कुणी पाहतच नाही. १९७२ मध्ये पिनकोड पत्रांसाठी होता. लोक तो लिहीत नसत. आंतरदेशीय पत्रावर आणि पाकिटावर सहा चौकटी छापून त्यांना सवय लावावी लागली. नंतर बँकांनी तो अर्जावर मागितला, गॅस एजन्सीने मागितला, मग कुरिअरवाल्यांनी आपल्या सेवेच्या हद्दी त्यावर आखल्या. आज घरबसल्या वस्तू मागवताना आधी पिनकोड विचारला जातो, आणि विचारणाऱ्या कंपन्या बहुतेक त्याच आहेत ज्यांच्या उदाहरणावरून आम्हाला नवेपणाचे धडे दिले जातात. २०२१ मध्ये कोविडच्या लशीची जागा शोधताना कोविन संकेतस्थळावर सारा देश पिनकोड टाकत बसला होता. हे उपयोग वेलणकरांच्या मनात असण्याची शक्यता नाही. त्यांनी एक रचना इतकी साधी आणि इतकी उघडी ठेवली की पुढच्या लोकांना तीत आपले काम बसवता आले. ती कुणाच्या मालकीची नव्हती, तिच्यासाठी परवाना लागत नव्हता. सार्वजनिक असणे हे तिच्या वाढीचे कारण आहे. खासगी कंपनीने १९७२ मध्ये असा आकडा केला असता तर दुसऱ्या कंपनीने तो वापरला असता का, याचे उत्तर प्रतिपक्षाने द्यावे.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने केलेली ही दहा चिन्हांची पद्धत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला स्वतःची खूण देते. आधी देशाचे सोळा भाग, मग त्यातल्या प्रत्येकाचे सोळा, असे आत आत जात राहायचे. उपग्रह नवा आहे, गणित नवे आहे. मोठ्यातून लहानाकडे उतरत जाण्याची रीत तीच, पिनकोडची. आणि तीही खात्यातूनच आली, बाहेरच्या तज्ज्ञांचा हात धरून. मला हे काम मोलाचे वाटते, म्हणूनच एक प्रश्न विचारतो. लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर एकावर एक आहेत. चार मीटरचा चौकोन जमिनीवर आखलेला आहे; खालच्या घराला आणि त्याच्याच डोक्यावरच्या घराला त्यात एकच खूण मिळते. आमच्या पोस्टमनला ब्लॉक आणि क्वार्टर क्रमांक पाहून कोणते पत्र जिन्याने वर न्यायचे ते क्षणात कळते. डिजिपिनची पुढची आवृत्ती करणाऱ्यांनी एक आठवडा त्याच्याबरोबर फिरावे, जिने चढावेत, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्यावे.